हयातभर राहण्याचा हक्क

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान असतं आणि व्याख्यानानंतर बटाटेवडा असतो. वक्ता बदलतो, वडा बदलत नाही. म्हणूनच 'मधमाशांचे सामाजिक जीवन' या विषयालासुद्धा आमचं सभागृह भरलं होतं. त्या शनिवारी एक सीए गृहस्थ आले होते आणि वडेवाल्याला उशीर झाला होता, लक्ष विचलित करायला वड्यांचा वास नव्हता, त्यामुळे मी व्याख्यान ऐकलं. पुढचं सगळं त्या वडेवाल्यामुळे झालं असं माझं प्रामाणिक मत आहे.

"तुमच्या माघारी मुलांना किती हेलपाटे पडतील याची कल्पना आहे का?" सीए म्हणाले. "वारस दाखला आणा, सगळ्यांच्या सह्या आणा, सोसायटीत नाव लावा. त्यापेक्षा जिवंतपणीच सगळं एका कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर करा. तुम्हीच संस्थापक, तुम्हीच विश्वस्त. तुम्ही जाल, पण ट्रस्ट जात नाही!"

टाळ्या पडल्या. पहिली माझी होती. 'तुम्ही जाल' या भागाला टाळी वाजवणं बरं दिसत नाही हे मागाहून लक्षात आलं, पण 'संस्थापक' हा शब्द ऐकल्यावर माझं बाकीच्याकडे लक्षच राहिलं नव्हतं. ठाण्याच्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये मी चौतीस वर्षं काढली. एक व्हॉल्व्ह इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण आयुष्यात मला कोणी 'अहो रिसबूड' यापलीकडे काही म्हटलेलं नाही. संस्थापक आनंद रिसबूड! घरी येईपर्यंत मी हे नाव मनातल्या मनात चार वेगवेगळ्या अक्षरांत लिहून बघितलं.

"आपल्याकडे संस्था करण्यासारखं आहे काय?" चित्रानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मटार सोलता सोलता विचारलं.

"काय म्हणजे? डोंबिवलीचा हा फ्लॅट, खडवलीचा प्लॉट. लोक याहून कमी इस्टेटीवर भांडतात."

"कोण भांडणार आहे?"

याचं उत्तर मी मुलांकडून मिळवायचं ठरवलं. बंगळुरूला साकेतला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, सगळं ताईला द्या, मला तिकडे यायचं नाहीये." ठाण्याला नीरजाला फोन केला. ती म्हणाली, "साकेतलाच द्या हो, माझं इथे छान चाललंय." आपली इस्टेट कोणालाच नको आहे हे ऐकून बापाला जे वाटायचं ते मला वाटलं. मी दोघांनाही सांगितलं की हा प्रश्न तुमच्या आवडीनिवडीचा नाही, कायद्याचा आहे.

चित्रा म्हणाली, "कागदपत्रांत काही लागलं तर मला विचारा."

"तू त्यात डोकं घालू नकोस," मी मोठ्या मनानं म्हटलं. "ते मी बघतो."

नीरजानं ओळखीतल्या एक वकीलबाई सुचवल्या. अ‍ॅडव्होकेट वर्षाली नाखवा. ऑफिस ठाण्याला, चेंदणी कोळीवाड्यात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. वर्षाली वयानं नीरजाएवढी, बोलायला चटपटीत. खोलीत दुसरी खुर्ची तिच्या आईची, आवडाबाईंची. सकाळी मासळीबाजार उरकला की त्या दुपारी लेकीच्या ऑफिसात येऊन बसतात आणि अशिलांची तोंडं बघतात. वर्षाली म्हणाली, "काका, आईचं मनावर घेऊ नका. तिला बोलायची सवय आहे."

मी सविस्तर बोलायला लागलो. ट्रस्टचं उद्दिष्ट, संस्थापकाचे अधिकार, विश्वस्तांच्या बैठका, बैठकीची गणसंख्या. वर्षालीनं दोन पानं लिहून घेतली आणि म्हणाली, "छान. फ्लॅटचा ओरिजिनल करारनामा आणलाय?"

"तो कपाटात आहे. विजेचं बिल आणलंय."

"बिलानं मालकी ठरत नाही, काका."

आवडाबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, "दादा, घर कोनाच्या नावावर हाय?"

"माझ्याच की."

"कागद बगितलास?"

"मावशी, तीस वर्षं त्या घरात राहतोय मी."

"माज्या मालकाला पन असंच वाटायचं. होडी माज्या बापाची व्हती, माज्या नावावर केल्याली. पन यो गावभर सांगत फिरायचा, माजी होडी, माजी होडी. मी बोलले, र्‍हाऊ दे, बुडली तं त्याचीच बोलू."

मी सभ्यपणे हसलो. होडी वेगळी आणि रजिस्टर्ड सदनिका वेगळी, हे त्या बाईंना कोण समजावणार! करारनामा चित्राच्या कपाटात होता, किल्ली तिच्या कमरेला होती आणि 'डोकं घालू नकोस' असं म्हटल्यावर दोन दिवसांत किल्ली मागायला जाणं मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी आधी प्लॉटचं काम हातात घेतलं.

खडवलीचा प्लॉट आम्ही वीस वर्षांपूर्वी घेतला. बंगला बांधायचा होता. बांधून झालं ते फक्त आंब्याचं आळं. कलम मी स्वतः लावलं होतं. दर पंधरवड्याला जाऊन पाणी घातलं, शेणखत घातलं, वाळवी लागली तेव्हा बुंध्याला गेरू फासला. गेली बारा वर्षं 'आमच्या खडवलीचे आंबे' असं म्हणून सोसायटीत घरटी चार आंबे वाटतो. ट्रस्टच्या परिशिष्टात मी 'एक फळता आम्रवृक्ष' अशी वेगळी नोंद करायला लावली होती.

वर्षालीनं सांगितलं की प्लॉटला कुंपण नाही, तेव्हा हद्दी मोजून घ्या. मोजणी आली. मोजणीवाल्या साहेबांनी यंत्र लावलं, नकाशा पसरला, खुणा रोवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा प्लॉट तो. पलीकडचा."

पलीकडे पेंढ्याची एक भली मोठी उडवी होती आणि उडवीच्या सावलीत शेजारचे गणूभाऊ तंबाखू मळत बसले होते. म्हणजे ते माझ्या जागेत बसले होते आणि मी त्यांच्या जागेत, त्यांच्या आंब्याला टेकून उभा होतो.

"गणूभाऊ," मी म्हटलं, "हे झाड तुमच्या हद्दीत आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की."

"मग वीस वर्षांत एकदा तरी बोलायचंत!"

"काय बोलनार? शहरातली मानसं, हौस असंल. तुमी पानी घालता, खत घालता, मंग चार आंबे न्येले तं न्येले. माझा पेंढा तुमच्यात पडल्याला, तुमी कदी काय बोललां?"

चित्रा सोबत आली होती. ती उडवीच्या मागे जाऊन हसून आली. डोळे पुसलेले होते, त्यावरून कळलं. बारा वर्षं मी दुसऱ्याचे आंबे स्वतःच्या नावानं वाटत होतो आणि ज्याचे नेले त्यानंच दरवर्षी 'पोतं हवं का साहेब' असं विचारलं की त्याच्याकडून पोतंही घेत होतो. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण कुठल्या, हाही प्रश्न होताच. गणूभाऊंनी भात झोडून झालं की उडवी हलवतो असं कबूल केलं आणि निघताना पिशवीभर काकड्या दिल्या. त्या मात्र त्यांच्याच आहेत का, हे मी विचारून घेतलं.

प्लॉट निदान माझ्या नावावर निघाला. आता फ्लॅट.

फ्लॅट ट्रस्टच्या नावावर करायचा तर सोसायटीचं ना-हरकत पत्र घ्या, असं वर्षालीनं सांगितलं. मी सेक्रेटरी प्रभाकर लोंढ्यांना अर्ज दिला. अर्जात 'ट्रस्ट' हा शब्द होता आणि आमच्या सोसायटीत एक शब्द दिला की पुढची कादंबरी लोक आपापली लिहितात. तिसऱ्या दिवशी गणपती मंडळाची माणसं पावतीपुस्तक घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रीती वहिनींनी जिन्यात थांबवून विचारलं, "रिसबूडकाका, ट्रस्टचा दवाखाना कुठे निघतोय? माझे गुडघे दाखवायचेत." वॉचमन रतन, जो मला आजवर बसल्या जागेवरून मान हलवायचा, तो उभा राहून सलाम करायला लागला. मी प्रत्येकाला सांगत होतो की हा घरगुती ट्रस्ट आहे. पण खरं सांगायचं तर सलाम झाल्यानंतर सांगत होतो.

याच दिवसांत मी मसुद्याचा कच्चा खर्डा स्वतः तयार केला. वकील पैलू पाडतील, पण हिरा आपला असावा. रविवारी चहाच्या वेळी मी तो चित्राला वाचून दाखवला.

"कलम सहा. संस्थापकाच्या पत्नी सौ. चित्रा यांना सदर सदनिकेत हयातभर राहण्याचा हक्क राहील."

तिनं कप खाली ठेवला. आनंदानं तिला शब्द सुचत नसतील असं वाटून मी पुढे वाचलं. "मात्र सदनिकेत कोणताही बदल, उदाहरणार्थ रंगकाम, फर्निचर, गॅलरीतील कुंड्या, संस्थापकाच्या पूर्वसंमतीनेच करता येईल."

"कुंड्यासुद्धा?"

"उदाहरणार्थ आहे ते."

"बरं," ती म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली. माझा चहा अर्धा राहिला होता, तोही गेला.

सोसायटीची बैठक पुढच्या रविवारी गच्चीवर झाली. एवढी उपस्थिती लिफ्ट बंद पडली होती तेव्हाही नव्हती. प्रश्न अनेक निघाले. ट्रस्ट हा सभासद झाला तर मत कोण देणार? ट्रस्टला पार्किंग द्यायचं का? तळमजल्यावरच्या एकांनी विचारलं, "ट्रस्टनं रात्री ड्रिल मारलं तर नोटीस कोणाला द्यायची?" मी उभा राहून एकेकाचं निरसन करत होतो. दोनदा खजिनदार आणि एकदा अध्यक्ष राहिलेला माणूस मी. बोलायची सवय होती.

"ठीक आहे," प्रभाकरराव म्हणाले, "ठरावात सभासदाचं नाव नोंदवहीप्रमाणे घालू." त्यांनी सभासदांची जाडजूड नोंदवही उघडली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "सदनिका क्रमांक सात. सभासद, श्रीमती चित्रा आनंद रिसबूड."

"आणि?" मी म्हणालो.

"आणि काही नाही."

"खाली बघा. जोडसभासद वगैरे."

"खाली सदनिका क्रमांक आठ आहे."

खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला 'शीळफाटा, शीळफाटा' ओरडतोय हे गच्चीवर स्वच्छ ऐकू आलं. मी चित्राकडे बघितलं. ती शेवटच्या रांगेत स्वेटर विणत बसली होती. मार्चमध्ये.

मग प्रभाकररावांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. "एक मिनिट, रिसबूड. २००४ साली गच्चीवरची टाकी ए विंगवर बसवायची की बी विंगवर, यावर मतदान झालं होतं. आठ विरुद्ध सात. आठवं मत कोणाचं होतं?"

ते माझं होतं. मी ए विंगला राहतो. प्रभाकरराव बी विंगला.

"म्हणजे वीस वर्षं माझ्या नळाला करंगळीएवढी धार येते," ते उभे राहिले, "ती एका बिगर-सभासदाच्या मतामुळे!"

यानंतर बैठक माझ्या ट्रस्टवरची राहिली नाही. माझ्या अध्यक्षपदाच्या काळात लावलेली फरशी कायदेशीर आहे का, मी खजिनदार असताना सही केलेले चेक चालतात का, इथपर्यंत मंडळी गेली. रतन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. मी त्याच्या शेजारून खाली उतरलो. त्यानं सलाम केला नाही, मानही हलवली नाही. बिचाऱ्याला आता काय करावं ते कळत नव्हतं.

घरी आलो तर चित्रा माझ्या आधीच पोचली होती. कपाट उघडं होतं आणि टेबलावर करारनामा होता. तिनं शेवटचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. खरेदीदार म्हणून तिची सही. आणि खाली, कोपऱ्यात, माझी ऐन तारुण्यातली झोकदार सही. साक्षीदार क्रमांक दोन.

"तुला माहीत होतं?"

"घर माझं आहे, मला माहीत नसेल का?"

"मग बोलली का नाहीस?"

"डोकं घालू नकोस म्हणालात ना? आणि कलम सहा ऐकल्यावर म्हटलं, बघू या गाडी कुठवर जाते."

हळूहळू मला सगळं आठवायला लागलं. त्या वर्षी आमच्या कारखान्यात टाळेबंदी होती. मला कोणी कर्ज देईना. चित्रा शाळेत शिक्षिका होती, तिच्या पगारावर कर्ज मिळालं म्हणून घर तिच्या नावावर घेतलं. आणि ते फेडायला तिनं अकरा वर्षं पहाटे साडेपाचला घरीच गणिताच्या शिकवण्या घेतल्या. शाळेच्या आधी एक तुकडी, नंतर एक. मला त्यातलं आठवत होतं ते एवढंच की दारात चपलांचा ढीग असायचा आणि मी कामावर निघताना त्यावरून कुरकुर करायचो. एवढ्या वर्षांत केव्हातरी माझ्या डोक्यात ते घर माझं होऊन गेलं. ग्रिल मी बसवलं, सोसायटीत मी भांडलो, पाटीवर नाव माझं. व्हॉल्व्ह इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या माणसानं अख्खं घर इकडचं तिकडे केलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे वाक्य मी क्वचित बोलतो.

"घराचं काही नाही हो," ती म्हणाली. "नावावर कोण आहे याचा मी कधी विचारही करत नाही. पण माझ्या घरात मला राहायचा हक्क वाचून दाखवलात, आणि वर चहा मागत होतात, त्याचं वाईट वाटलं."

मी तो खर्डा फाडायला घेतला. तिनं हात धरला. "फाडू नका. ट्रस्टची कल्पना चांगली आहे. मुलांना खरंच हेलपाटे नकोत. फक्त मी वकिलांकडे येते."

कोळीवाड्यात आम्ही दोघं गेलो. वर्षालीनं करारनामा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि भल्या मुलीसारखी खाली मान घालून लिहायला लागली. आवडाबाईंनी एवढंच म्हटलं, "बसा दादा. होडी गेली तरी मानूस र्‍हायला, बेस झालं." आणि मला सोलकढी दिली.

संस्थापक चित्रा. विश्वस्त आम्ही दोघं. मी माझा प्लॉट, उडवीसकट, तिच्या ट्रस्टला द्यायचा. आमच्या दोघांच्या माघारी सगळं मुलांना निम्मं निम्मं, नको म्हणाले तरी.

"आणि काकांचं?" वर्षालीनं विचारलं.

"लिही," चित्रा म्हणाली. "पती श्री. आनंद यांना सदर सदनिकेत हयातभर राहण्याचा हक्क राहील."

"मात्र?" मी विचारलं. कायद्याची भाषा मला आता येत होती.

"मात्र नाही. पूर्णविराम."

प्रभाकररावांनी ना-हरकत पत्र दिलं, पण टाकीचा विषय पुढच्या वार्षिक सभेत घ्यायच्या बोलीवर. चित्रा आता सभासद म्हणून जाणार आहे आणि ती बी विंगच्या बाजूनं मत देणार असल्याचं मला बाहेरून कळलं आहे.

नोंदणीच्या दिवशी कल्याणला गेलो. चित्राचा फोटो पहिल्या फटक्यात आला, अंगठाही पहिल्या फटक्यात उमटला. माझा अंगठा यंत्र घेईना. तिथल्या बाई म्हणाल्या, "केसांवर घासा काका, तेल लागतं." मी डोक्यावर हात नेला आणि त्यांच्याच लक्षात आलं. मग त्यांनी मला चित्राच्या केसांवर घासायला सांगितलं. भरल्या ऑफिसात, रांगेतले पंधरा लोक बघत असताना, लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बायकोच्या डोक्यावर मी अंगठा घासला. उमटला.

आत साहेबांनी कागद चाळले आणि चित्राला विचारलं, "मॅडम, हे तुम्ही स्वखुशीनं करताय ना? कोणाचा दबाव वगैरे?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि एवढा वेळ घेतला की साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"स्वखुशीनं," ती म्हणाली.

"आणि यांच्या राहण्याला काही अट नाही?"

"कागदावर नाही."

बाहेर पडल्यावर पायरीवरच मी विचारलं, की अट काय ती एकदा सांगून टाक. मला वाटलं कुंड्यांचं निघेल. ती म्हणाली, "मला पोहायला शिकायचंय. शिकवण्या होत्या तेव्हा सकाळ मिळाली नाही, नंतर राहून गेलं. एमआयडीसीतल्या तलावावर बायकांची सकाळची बॅच आहे. तुम्ही मला सोडायला यायचं आणि तासभर बाहेर बसायचं. घड्याळ न बघता."

तीन महिने झाले. मी स्कूटरवरून तिला नेतो, तिची पिशवी आणि चष्मा मांडीवर घेऊन जाळीपलीकडच्या बाकावर बसतो. सुरुवातीला ती कठड्याला धरून नुसते पाय मारायची आणि पाणी तिच्यापेक्षा जास्त हलायचं. मग फळी आली. गेल्या आठवड्यात फळी गेली. आज सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी तिला अलीकडच्या कठड्यावरून सोडलं आणि स्वतः पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मध्ये एकदा ती बुडाल्यासारखी झाली. मी उभा राहिलो. मला पोहता येत नाही, पण उभा राहिलो. ती वर आली, दोन हात मारले, आणखी दोन मारले आणि पलीकडचा कठडा धरला.

मी बाकावर चढून टाळ्या वाजवल्या. गार्डनं शिट्टी मारली, "ओ काका, बाकावर चढायचं नाही!" पाण्यातल्या सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. चष्म्याशिवाय चित्राला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. तिनं बाईंना विचारलं, "कोण आहे हो तो वेडा?"

"मीच!" मी ओरडलो. आणि मग माझा आवाज ओळखून, कठडा सोडून, तिनं हात हलवला.